शेजाऱ्यांशी वायफायचंही ठरवून घ्या

दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी घरांना ही विनंती. सोसायटी कुठलीही असो, सेक्टर कुठलाही असो.

रात्री नऊच्या सुमाराला घरातलं वायफाय मंदावतं. मुलाची मॅच अडकते. सुनेची मीटिंग तुटते. आजींच्या मालिकेवर ते गोल चक्र फिरत राहतं. तुम्ही ब्रॉडबँडवाल्याला फोन करता. तो म्हणतो, प्लॅन वाढवा. तुम्ही वाढवता. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी एक करा. फोनमध्ये वायफायची यादी उघडा आणि नुसती वाचा. वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. खालचे गुप्ताजी, समोरचे नायर, वरच्या मजल्यावर पीजीत राहणारी मुलं, शिवाय कुणाचा तरी प्रिंटर. तुमच्या घरापर्यंत येणारी तार तुमची एकट्याची आहे. घरातली हवा मात्र सगळ्या इमारतीची. हे सगळे राउटर त्याच हवेत बोलतात.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपला राउटरमधून थेट तार लावा आणि वेग मोजा. तारेवर वेग नीट येत असेल, तर दुखणं हवेतलं आहे. प्लॅन वाढवून ते जाणार नाही.

वायफायचं यंत्र तसं सभ्य असतं. आधी कान देतं. दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतं. शांत झालं की आपलं बोलतं. पण वीस जण एकाच वेळी बोलायला टपलेले असले, की सगळा वेळ थांबण्यातच जातो.

अशा वेळी आपण काय करतो? चार अँटेनांचा मोठा राउटर आणतो. रिपीटर लावतो. सेटिंगमध्ये जाऊन ताकद पूर्ण वर नेतो. डीडीए फ्लॅटांत टुल्लू पंपाचं झालं तेच हे. एकानं पाण्याच्या लाइनीवर पंप बसवला आणि त्याच्याकडे धो धो पाणी आलं. मग शेजाऱ्यानं बसवला. मग सगळ्या जिन्यानं बसवले. पाणी होतं तेवढंच राहिलं. विजेचं बिल सगळ्यांचं वाढलं, आणि पंप न लावणाऱ्या म्हातारीच्या नळाला टिपूस येईना.

जो तो आपल्यापुरतं शहाणपण करतो आणि सगळे मिळून तोट्यात जातात, हे कोडं गणितात १९५० साली दोन कैद्यांच्या गोष्टीच्या रूपानं मांडलं गेलं. असल्या कोड्यांच्या अभ्यासाला गेम थिअरी म्हणतात. आज मोबाइलची आणि वायफायची रचना करणारे इंजिनियरही ते गणित वापरतात. कारण यंत्राला स्वार्थी नियम घालून दिला, तर तेही स्वार्थीच वागतं.

या अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत रॉबर्ट ॲक्सेलरॉड या प्राध्यापकांनी संगणकांची एक स्पर्धा घेतली. प्रत्येकानं आपला डावपेच लिहून पाठवायचा, आणि डावपेचांनी एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळायचं. मोठे चलाख डाव आले होते. जिंकला तो सर्वांत साधा, ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा. पहिल्यांदा चांगलं वागायचं. पुढे समोरचा जसा वागेल तसं वागायचं. बस.

पण हा डाव चालतो कुठे? जिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात तिथे. म्हणजे तुमच्या लिफ्टमध्ये. मेट्रोच्या डब्यात नाही. ही खूणगाठ मनाशी बांधा. पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आता राउटरकडे वळू.

ताकद वाढवून फार काही मिळत नाही. राउटर कितीही मोठ्यानं ओरडला, तरी फोनला त्याला उत्तर द्यावं लागतं. फोनचा आवाज मुळात बारीक. त्यामुळे राउटरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं राउटरला येत नाही. वर शेजाऱ्याच्या कानात मात्र तुमचा राउटर ओरडत राहतो. ताकद मध्यम ठेवा. राउटर बुटांच्या कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून काढा आणि घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. मायक्रोवेव्हपासून लांब ठेवा. भट्टी चालू असते तेव्हा ती त्याच हवेत गोंगाट करते.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. दोन्हीच्या घरगुती वापराला आपल्याकडे परवाना लागत नाही. ५ चा मोठा भाग सरकारनं २०१८ मध्ये मोकळा केला. त्यात जागा भरपूर आहे. शिवाय तो भिंतींतून फारसा आरपार जात नाही. हा त्याचा दोष वाटतो, पण फ्लॅटमध्ये तोच गुण आहे. तुमचं बोलणं तुमच्याच खोलीत राहतं. टीव्ही, लॅपटॉप, मुलांचे फोन ५ वर न्या. टीव्ही राउटरजवळ असेल तर त्याला सरळ तार लावा. एक टीव्ही तारेवर गेला की हवा किती मोकळी होते, ते रात्री नऊला पाहा.

२.४ चा पट्टा अरुंद आहे. एकमेकांच्या पायात न येणाऱ्या जागा त्यात तीनच, चॅनेल १, ६ आणि ११. सेटिंगमध्ये रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केलीत तर तुम्ही एकट्यानंच तीनपैकी दोन जागा अडवल्या. ३ किंवा ४ अशा अधल्यामधल्या चॅनेलवरही बसू नका. तिथला राउटर दोन्हीकडच्यांना त्रास देतो आणि स्वतःही त्रास काढतो.

आता खरं काम शेजाऱ्यांबरोबरचं. एका मजल्यावर दोन फ्लॅट धरा. पहिल्या मजल्यावर डावीकडचा १, उजवीकडचा ६. दुसऱ्यावर डावीकडचा ११, उजवीकडचा १. तिसऱ्यावर डावीकडचा ६, उजवीकडचा ११. चौथ्यापासून पुन्हा तेच. शेजारी, वर, खाली, कुठेही तोच आकडा लागून येत नाही. मजल्यावर चार फ्लॅट असतील तर थोडं डोकं चालवावं लागेल. सेक्टर ३ मधल्या नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं कुणी पोर तुमच्या ओळखीत असेल. त्याला रविवारी जेवायला बोलवा. फोनवरच्या फुकट ॲपनं तो तासाभरात जिन्याचा नकाशा करून देईल. पोळी-भाजीवर होणारं काम आहे.

सगळे एकदम तयार होणार नाहीत. तुम्ही आधी करा. समोरच्याला दाखवा. कुणी ऐकलं नाही तरी भांडू नका, राउटर बंद करायला लावू नका. तुमचं घर आणि वरचं-खालचं घर, एवढी तीन ठरली तरी फरक पडतो. कुणाचा चॅनेल कोणता, याचा तक्ता छापून लिफ्टशेजारी लावा.

रिपीटरचं वेगळं सांगायला हवं. तो मधला निरोप्या असतो. एकाचं ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो. म्हणजे एका गोष्टीसाठी हवा दोनदा वापरली जाते. लांबच्या खोलीसाठी दुसरा राउटर तारेनं जोडणं केव्हाही बरं.

या निरोप्याचा त्रास शास्त्रज्ञांनाही होता, आणि त्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. समजा ३०२ मध्ये जोशी आहेत आणि ३०४ मध्ये सेन. त्यांचे फोन एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. मध्ये ३०३ मध्ये तुम्ही. जोशींना सेनना ७ हा आकडा सांगायचा आहे. सेनना जोशींना ५ सांगायचा आहे. साध्या रीतीनं जोशी तुम्हाला सांगणार, तुम्ही सेनना. मग सेन तुम्हाला, तुम्ही जोशींना. चार वेळा बोलणं झालं.

आता दुसरी रीत. दोघांनी आपापला आकडा तुम्हाला सांगितला. तुम्ही बेरीज केली, १२. आणि दोघांना ऐकू जाईल असं एकदाच म्हणालात, "बारा." जोशींना आपला ७ माहीत आहे. बारातून सात गेले, पाच. सेनना आपला ५ माहीत आहे. बारातून पाच गेले, सात. तीन वेळा बोलण्यात काम झालं. यंत्रातली बेरीज जरा वेगळ्या प्रकारची असते, पण युक्ती हीच. तिला नेटवर्क कोडिंग म्हणतात.

जर्मनी आणि हाँगकाँगच्या चार संशोधकांनी २००० साली या विचाराचा पाया घातला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटानं २० यंत्रांचं वायरलेस जाळं उभारून ते खरोखर चालवून दाखवलं. त्या कामाचे पहिले लेखक सचिन कट्टी, आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. तुमच्या घरातल्या राउटरमध्ये हे अजून आलेलं नाही. कुणी दुकानदार तसं सांगून महाग डबा विकायला लागला, तर हात जोडा आणि पुढे व्हा.

पण यातून दोन प्रश्न निघतात, आणि ते थेट तुमच्या फोनपर्यंत येतात.

पहिला असा, की ३०३ वाल्यानं हे का करावं? बॅटरी त्याची जाते. काम दुसऱ्यांचं होतं. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या दोन संशोधकांनी, बुट्यान आणि ह्युबो यांनी, २००१ च्या सुमाराला यावर यंत्रातली नाणीच सुचवली. दुसऱ्याचं सामान पोचवलं की तुमच्या फोनला नाणं मिळणार. आपलं सामान पाठवायचं तर नाणं खर्च करायचं. फुकट्याला जागा नाही. गावाकडे एकमेकांच्या शेतात राबायच्या इर्जिकीचा हिशेब याहून वेगळा नव्हता, फक्त तो माणसांच्या डोक्यात असायचा.

दुसरा प्रश्न जास्त काळजीचा. मधल्यानं बारा ऐवजी तेरा सांगितलं तर? दोघांचंही चुकेल, आणि दोघांनाही कळणार नाही. मिसळलेल्या गोष्टीत एक खोटा थेंब पडला की सगळं नासतं. म्हणून अशा जाळ्यांत प्रत्येक तुकड्यावर सही-शिक्का असावा लागतो. तुमच्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. कुणाच्या हातून घेता, ते पाहून घ्या.

तुमचा फोन शेजारच्या फोनशी थेट बोलतो, यात नवं काही नाही. एप्रिल २०२० मध्ये आलेलं आरोग्य सेतू ब्लूटूथवरून हेच करत होतं. हरवलेली चावी शोधणारे बिल्ले आजही असेच चालतात. रस्त्यावरच्या अनोळखी लोकांचे फोन गुपचूप त्या बिल्ल्याची जागा कळवतात, आणि कळवणाऱ्याला स्वतःला ती वाचता येत नाही. ही सोय फोनमध्ये चालू असेल तर राहू द्या. तुमची बॅटरी नखभर जाते. उद्या तुमची बॅग हरवली तर इतरांचे फोन तुमच्यासाठी तेच करतील.

आता गणपतीचं बोलू. मंडळात मुलांचा कार्यक्रम होतो. एक काका पूर्ण चित्रण करतात. मग साठ घरं त्यांच्या मागे लागतात. ते व्हॉट्सॲपवर टाकतात, तर चित्र दाबलं जाऊन मुलांचे चेहरे धूसर होतात. मोठी फाइल चढवायला घेतात, तर रात्र जाते. काका पुढच्या वर्षी चित्रण करत नाहीत.

असं करा. कार्यक्रम संपल्यावर तिथेच फोन-टू-फोन घ्या. अँड्रॉइडवर क्विक शेअर आहे, आयफोनवर एअरड्रॉप. इंटरनेट लागत नाही, डेटा जात नाही, चित्र दाबलं जात नाही. काकांनी फक्त दोघांना द्यायचं. त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना. पाच फेऱ्यांत ६२ घरांत पोचतं. नियम एकच, जो घेईल त्यानं पुढे दोघांना द्यायचं. घेऊन निघून जाणारे एक-दोन असतातच. त्यांना पुढच्या वर्षी शेवटच्या फेरीत ठेवा. तेवढी शिक्षा पुरे. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली आली असेल तर मोकळेपणानं नाही म्हणा. निरोप्यानं आपलंच घर अंधारात ठेवायचं नसतं.

यासाठी वेगळं ॲप उतरवू नका. पूर्वी सगळे शेअरइट आणि झेंडर वापरायचे. जून २०२० मध्ये सरकारनं ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. आजही कुणीतरी त्यांची फाइल पाठवतं आणि म्हणतं, चालतं हो. चालत असेल. पण ती फाइल कुणी बनवली, ते त्यालाही माहीत नसतं. ज्या फाइलच्या नावाशेवटी एपीके आहे, ती कुणाकडूनही घेऊ नका. लग्नाची पत्रिका म्हणून आली तरी नाही, बँकेच्या नावानं आली तरी नाही. ती उघडली की खातं रिकामं होऊ शकतं. झालंच तसं, तर घरच्यांशी चर्चा करत बसू नका. आधी १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी क्रमांक आहे. पहिला तासभर फार मोलाचा असतो.

सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताना फोनचा स्वभाव बदला. क्विक शेअर आणि एअरड्रॉपमध्ये "कुणाकडूनही घ्या" असा पर्याय असतो. तो दहा मिनिटांपुरताच चालू करा. एरवी "फक्त संपर्कातले" ठेवा. सेक्टर २१ ला मेट्रोत बसल्यावर अनोळखी नावाचा फोटो आला तर नाकारा. उत्सुकता म्हणूनसुद्धा उघडू नका. त्या डब्यातला माणूस तुम्हाला उद्या भेटणार नाही, आणि त्यालाही ते माहीत आहे.

हॉटस्पॉटचंही तसंच. "काका, दोन मिनिटं नेट द्या ना," असं कुणी स्टेशनवर म्हटलं, तर त्याला हवा तो पत्ता तुम्ही स्वतः तुमच्या फोनवर शोधून द्या. पासवर्ड देऊ नका. त्यानं त्या दोन मिनिटांत जे केलं, ते तुमच्या नंबरवरून केलं असंच दिसेल. पोलीस आधी तुमच्या दारात येतील. हॉटस्पॉटचा पासवर्ड मुलांच्या जन्मतारखेचा ठेवू नका. तो सगळ्या जिन्याला माहीत असतो.

राहता राहिली अडचणीची वेळ. १७ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्ली हलली. केंद्र धौला कुआँजवळ होतं, आपल्या द्वारकेपासून फार लांब नाही. धक्का ४ तीव्रतेचा होता, म्हणून थोडक्यात निभावलं. मोठा आला तर टॉवर बंद पडू शकतात, किंवा सगळ्यांनी एकदम फोन केल्यामुळे तुंबू शकतात.

टॉवरशिवाय फोननं थेट फोनशी बोलावं, यासाठी मोबाइलच्या जागतिक नियमांत २०१५ मध्ये तरतूद झाली. ती मुख्यतः पोलीस आणि अग्निशमन दलासाठी. आपल्या खिशातल्या साध्या फोनमध्ये ती नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सेक्टर २५ च्या यशोभूमीत इंडिया मोबाइल काँग्रेस भरली, ६जीच्या गप्पा झाल्या. होईल तेव्हा होईल. तुम्ही आज हातात आहे त्यावर तयारी करा.

मोठा धक्का बसल्यावर फोन करू नका, एसएमएस करा. तो थोड्या जागेतूनही निघून जातो. मदत हवी असेल तर ११२ लावा. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा मिळाला, तर तो फोन जातो. जिन्यात एकाच्याच सिमला रेंज असेल, तर त्यानं हॉटस्पॉट उघडावा आणि बाकीच्यांनी फक्त मजकूर पाठवावा. व्हिडिओ नाही. अशा वेळी एका पोरानं रील चढवायला घेतली, तर सगळ्या जिन्याचे निरोप अडतात. त्याला हे आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी नाही. तिथे ३०३ वाल्याचा हिशेब करू नका, ज्याला रेंज आहे त्यानं सगळ्यांचं पोचवायचं. दिल्लीचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, ती सरकारी इशाऱ्याची चाचणी होती. दचकायला होतं म्हणून काहींनी ती सूचना बंद केली. ती पुन्हा चालू करा.

हे सगळं तुम्ही वाचलंत, आजी वाचणार नाहीत. त्यांच्या फोनमध्ये या सेटिंग तुम्ही शेजारी बसून करून द्या. सोसायटीच्या गार्डरूमचा नंबर, ११२, १९३० आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर जाड अक्षरात कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. भूकंपानंतर खाली उतरून कुठल्या मोकळ्या जागेत थांबायचं, तेही त्याच कागदावर.